लाकडी कर्ण्याची घरगुती बांधणी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप
(विशेष संदर्भ : फलटण व दक्षिण महाराष्ट्र)

प्रस्तावना

इतिहासलेखनात राजसत्ता, लढाया व तहनामे यांना जे स्थान मिळाले, ते ध्वनीला मिळाले नाही. वास्तविक एखादा समाज काय ऐकत होता आणि ते किती दूरवर ऐकू जात होते, यावरून त्या समाजाच्या सार्वजनिक जीवनाची पुष्कळशी कल्पना येते. १९४८ मध्ये विलीन झालेल्या फलटण संस्थानच्या या राजधानीत आजही दोन प्रकारचे ध्वनी ऐकू येतात. आषाढी वारीत संत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर येणारा टाळ-मृदंगाचा गजर हा एक, तर उत्सवी मिरवणुकांत छातीवर आदळणारा ‘डॉल्बी’चा दणका हा दुसरा. या दुसऱ्या ध्वनीच्या मुळाशी असलेली लाकडी पेटी आली कोठून, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. लाकडी कर्णा हे मुळात काटकसरीचे साधन होते. वीजशक्ती स्वस्त झाल्यावर पेटी तेवढी उरली आणि काटकसर लोप पावली, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

कर्ण्याची पूर्वपीठिका

‘कर्णा’ हा शब्द मराठीला नवा नाही. तुतारी व शिंग यांच्याप्रमाणेच कर्णा हेही फुंकून वाजवावयाचे वाद्य होते. निमुळत्या टोकाशी निर्माण झालेला आवाज रुंद मुखातून बाहेर पडताना दूरवर पोहोचतो, हे तत्त्व या वाद्यांनी शतकानुशतके सांभाळले. १८७७ मध्ये एडिसनचा फोनोग्राफ आला, पुढे बर्लिनरचा ग्रामोफोन आला. १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग याने कलकत्त्यात हिंदुस्थानी गायकांचे ध्वनिमुद्रण केले. या यंत्रांत विजेचा वापर नव्हता. सुईची सूक्ष्म थरथर घरभर ऐकू येण्यासाठी कर्ण्यावाचून गत्यंतर नव्हते. हे कर्णे बहुधा पत्र्याचे असत. पत्र्याचा स्वतःचा खणखणाट टाळण्यासाठी काही यंत्रांना ओकसारख्या लाकडाचे कर्णे बसविले जात. लाकूड ध्वनीत स्वतःची भर कमी घालते, हा अनुभव पुढील काळात मोलाचा ठरला.

बोलपट आणि लाकडी कर्णा

विजेवरील ध्वनिवर्धन आले तरी १९२० च्या दशकातील वर्धक मोजक्याच वॅटचे होते. एवढ्या तुटपुंज्या शक्तीवर शेकडो प्रेक्षकांपर्यंत संवाद पोहोचविण्यासाठी अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीने चित्रपटगृहांकरिता लाकडी, घडी घातलेले प्रचंड कर्णे बनविले. आपल्याकडे १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला. कोल्हापुरात १९२९ मध्ये स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट दिला. यंत्रातून निघणारा मोठा आवाज एकत्र बसून ऐकण्याची सवय महाराष्ट्राला लागली ती बोलपटांच्या या काळात.

बांधणीचे शास्त्र

कर्ण्याचे गणित १९१९ मध्ये वेबस्टर यांनी मांडले, तर १९२४ मध्ये हॅना व स्लेपियन यांनी घातांकी कर्ण्याचे महत्त्व स्पष्ट केले. घातांकी कर्ण्यात ठरावीक अंतर पुढे गेले की नळीचा छेद दुप्पट होतो. ५० हर्ट्झपर्यंतचा खर्ज हवा असेल, तर दर सुमारे ३८ सेंटिमीटरला छेद दुप्पट व्हावा लागतो. मुखाचा परीघ त्या ध्वनीच्या तरंगलांबीएवढा, म्हणजे जवळजवळ ७ मीटर असावा लागतो. गळ्याचा छेद ५०० चौरस सेंटिमीटर धरल्यास नळीची लांबी सुमारे २.४ मीटर आणि मुखाचा व्यास सुमारे २.२ मीटर येतो. असा कर्णा सामान्य घरात मावणे अशक्यच.

यातून दोन मार्ग निघाले. पहिला मार्ग घडीचा. वक्र नळीऐवजी प्लायवूडच्या सरळ फळ्या तिरक्या बसवून पेटीच्या आतच वाट वळवावयाची. यामुळे ही बांधणी करवत, सरस व स्क्रू यांवर काम करणाऱ्या कोणाही सुताराच्या आवाक्यात आली. दुसरा मार्ग भिंतींचा. पॉल क्लिप्श यांनी अमेरिकेतील होप या लहानशा गावी १९४६ मध्ये आपली कंपनी स्थापन केली. त्यांच्या कर्ण्यात खोलीच्या कोपऱ्यातील भिंती व जमीन हीच कर्ण्याच्या मुखाची पुढची बाजू होत असे. तीन पृष्ठभाग मिळाल्याने मुखाचे आवश्यक क्षेत्रफळ एक-अष्टमांशावर येते. घरीच ध्वनिक्षेपक बांधणाऱ्या जगभरच्या हौशी मंडळींना या युक्तीचे मोठे आकर्षण वाटले.

या खटाटोपाचे फळ काय? साध्या पेटीतील ध्वनिक्षेपक १०० वॅटपैकी जेमतेम एक-दोन वॅटचा ध्वनी करतो. चांगल्या कर्ण्यात हे प्रमाण कित्येक पटींनी वाढते.

‘डॉल्बी’ : एका नावाचा विपर्यास

सातारा, सांगली व कोल्हापूर या जिल्ह्यांत मिरवणुकीतील ध्वनियंत्रणेस ‘डॉल्बी’ म्हणतात. यातील पेट्या पुष्कळदा स्थानिक कारागिरांनीच बांधलेल्या असतात. काही साध्या, तर काही घडीच्या कर्ण्याच्या. त्या एकावर एक रचून उभी केली जाणारी ‘भिंत’ केवळ दिखाऊ नसते. शेजारी-शेजारी ठेवलेली मुखे खर्जासाठी एकाच मोठ्या मुखासारखी वागतात. क्लिप्शने कोपऱ्यातून साधले ते येथे रचनेतून साधले जाते.

नावाचा इतिहास मात्र उपरोधिक आहे. रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये लंडनमध्ये स्थापन केलेल्या संस्थेचे पहिले कार्य ध्वनिफितीवरील खरखर कमी करणे हे होते. चित्रपटगृहांच्या पाट्यांवरून हे नाव गावोगाव पोहोचले आणि गोंगाट कमी करणाऱ्याचे नाव गोंगाटालाच मिळाले.

दरम्यान हजारो वॅटचे वर्धक सहज उपलब्ध झाले. कमी शक्तीत काम भागविणारी पेटी आता अमर्याद शक्तीला जोडली गेली. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. १०० डेसिबलच्या आवाजाची तीव्रता ५५ डेसिबलच्या तुलनेत ३१ हजार पटींहून अधिक असते. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतील बंधन अधोरेखित केले. आजारी, वृद्ध व तान्ही मुले यांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा राहत नाही.

समारोप

मिरजेच्या सतार व तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी उभी केलेली ती कला इतिहासात नोंदली गेली. तंबोऱ्याच्या भोपळ्यात आणि कर्ण्याच्या पेटीत, दोहोंतही कारागीर पोकळीलाच आकार देतो. तथापि प्लायवूडवर पेन्सिलीने आकडेमोड करणाऱ्या तालुक्याच्या गावच्या कारागिराची नोंद पोलिसांच्या जप्तीच्या कागदापलीकडे क्वचितच होते. त्याच्या मौखिक इतिहासाचे संकलन स्थानिक महाविद्यालयांनी हाती घेणे आवश्यक आहे. दोष पेटीचा नसून हरवलेल्या मात्रेचा आहे, हे त्यातून स्पष्ट होऊ शकेल.

या मात्रेचा आदर्श शोधण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. पालखी सोहळ्यातील समाज आरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो आणि हजारो टाळ क्षणार्धात थांबतात. आवाज मोठा करण्याची विद्या आपण जगाकडून शिकलो. तो कोठे थांबवावा, याची विद्या मात्र दरवर्षी फलटणच्या मुक्कामी आपल्या दारात येते.