कचेरीचा व्हरांडा कुणाचा?

१९२४ साली मुंबईत वास्तुविशारद जॉर्ज विटेटच्या दोन इमारती पूर्ण झाल्या: गेटवे ऑफ इंडिया आणि टाटांचं मुख्यालय, बॉम्बे हाऊस. जवळपास शतकभरानंतर बॉम्बे हाऊसचं नूतनीकरण झालं. ब्रिंदा सोमाया यांनी मालाड दगडाचं जुनं रूप राखलं, आतली रचना आजच्या कामाला साजेशी झाली. २९ जुलै २०१८ला, जेआरडींच्या जन्मदिनी, इमारत पुन्हा उघडली. आत रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी खास खोली होती. ती तिथे आधीपासूनच आसऱ्याला यायची; त्यांना कुणी हाकललं नाही.

आम्हा आयटीवाल्यांना 'वेलनेस' म्हणजे कुंड्या, बीनबॅग आणि भरपूर उजेड. पण हे सगळं कार्ड स्वाइप करून आत येणाऱ्यांसाठी.

माझ्या सटाण्याला याहून जुना धडा आहे. इंग्रजी अमलात मामलेदार कचेरी म्हणजे शेतसारा गोळा करायची जागा. १८७०-७१च्या दुष्काळात मामलेदार यशवंतराव भोसेकरांनी तिथला खजिना उपाशी लोकांसाठी खुला केला. तपासणीत तो भरलेलाच निघाला, अशी आख्यायिका आहे. ती बाजूला ठेवली तरी एवढं उरतंच, की गावाने एका सरकारी अधिकाऱ्याला 'देवमामलेदार' म्हटलं, त्याचं मंदिर बांधलं. आजही तिथे यात्रा भरते.

जुन्या कचेऱ्यांना जाड भिंती, उंच छत आणि व्हरांडा असतो. नूतनीकरणात अनेकदा पहिला बळी व्हरांड्याचा जातो. काच लावली की चार टेबलं जास्त बसतात. पण सातबाऱ्यासाठी आलेला म्हातारा तिथेच टेकतो. त्याला सावली, बाक आणि पाणी मिळालं, तरच ती इमारत सुधारली म्हणायची.