वालधुनी : नदीचा नाला होताना

मराठी साहित्यात नद्यांची वाण नाही. गोदावरी, कृष्णा, इंद्रायणी, चंद्रभागा यांच्याभोवती माहात्म्ये रचली गेली, घाट बांधले गेले, अभंग आणि आरत्या गायिल्या गेल्या. त्यामुळे या नद्यांचा इतिहास लिहिणाऱ्याला साधनांची उणीव भासत नाही. परंतु ज्या प्रवाहाला माहात्म्य नाही, ज्याच्या काठी संत झाला नाही, ज्याचे नाव दोन तालुक्यांपलीकडे कोणाला ठाऊक नाही, त्याचा इतिहास कोठे शोधावा, हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला जातो. ठाणे जिल्ह्यातील वालधुनी हा असा एक प्रवाह आहे. त्याच्या काठी गेल्या सुमारे हजार वर्षांत कोण आले, त्यांनी या पाण्याला काय म्हटले आणि त्याचे काय केले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेण्याचा प्रयत्न आहे.

अंबरनाथजवळच्या काकोळे परिसरातील डोंगरउतारावर वालधुनी उगम पावते. अंबरनाथ आणि उल्हासनगर ही शहरे ओलांडून ती कल्याणला येते आणि उल्हास नदीच्या खाडीला मिळते. अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी आणि कल्याण या लोकलच्या चार स्थानकांत तिची बहुतेक कहाणी मावते. रोज या मार्गाने ये-जा करणाऱ्या लाखो प्रवाशांपैकी बहुतेकांना ती नदी म्हणून ठाऊक नाही. त्यांच्या लेखी तो एक नाला आहे, आणि तो जवळ आल्याचे डोळ्यांआधी नाकाला कळते.

आता नावाकडे पाहू. अमरकोशात नदीचे जे पर्याय दिले आहेत त्यांत ‘धुनी’ हा शब्द आहे. खळाळत, नाद करत जाणारी ती धुनी. ‘वालधुनी’ हे नाव थेट तेथूनच आले असे ठामपणे म्हणणे उतावीळपणाचे होईल. तरीही संस्कृत कोशात नदीसाठी असलेला शब्द ज्या प्रवाहाच्या नावात ऐकू येतो, त्यालाच आज बोलण्यात सर्रास ‘नाला’ म्हटले जाते, हा विरोध अभ्यासकाने नोंदवून ठेवावा असा आहे. शब्दातील हा बदल कसा घडला हे पाहणे म्हणजेच या प्रवाहाचा इतिहास पाहणे होय.

वालधुनीच्या काठावरील सर्वांत जुना आणि सर्वांत ठसठशीत पुरावा म्हणजे अंबरनाथचे शिवमंदिर. उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या काळातील हे मंदिर भूमिज शैलीचे असून त्याचे गर्भगृह सभामंडपाच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरून देवाकडे जावे लागते. मंदिरातील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हा काळ दिला आहे. मुम्मुणी ऊर्फ माम्वाणिराज हा तेव्हाचा राजा. लेखात त्याच्या अधिकाऱ्यांची नावे येतात आणि त्याचा थोरला भाऊ छित्तराज याच्या भवनाचाही उल्लेख येतो. एकोणिसाव्या शतकात या लेखाचे वाचन हा विद्वानांच्या आस्थेचा विषय होता. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी शकाचा आकडा ७८२ असा वाचला, तर पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो ९८२ असल्याचे दाखवून दिले. एका आकड्याच्या वाचनाने मंदिर दोनशे वर्षांनी अलीकडे आले. १८६८ मध्ये मुंबईच्या कलाशाळेतील मंडळींनी येथे येऊन मंदिराची मोजमापे, रेखाटने आणि शिल्पांचे साचे घेतले. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरातही मंदिराला सविस्तर जागा मिळाली.

या साऱ्या परिश्रमांचे मोल मोठे आहे. मात्र ते दगडापर्यंत येऊन थांबले. मंदिर येथेच, या पाण्याच्या काठी का उभे राहिले. बांधकामासाठी राबणाऱ्यांना आणि पुढे देवाच्या दर्शनाला येणाऱ्यांना हे पाणी कसे पुरले. आसपासच्या गावांचे या प्रवाहाशी काय नाते होते, हे प्रश्न विद्वानांच्या चर्चेत आले नाहीत. वस्तुतः काठावरील वस्ती मंदिराइतकीच पाण्याच्या आधाराने वाढली. खाली कल्याण हे तर प्राचीन बंदर. कान्हेरीच्या लेण्यांतील लेखांत कल्याणचे दाते भेटतात, आणि ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचे नाव येते. बंदराच्या पाठीमागचा मुलूख भातशेतीचा, आगरी, कोळी, ठाकूर, कातकरी अशा समाजांचा. मिठागरे आणि भातखाचरे यांवर जगणाऱ्या आगऱ्यांना गोडे पाणी कोठे संपते आणि खारे कोठून सुरू होते, याचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांचे होते. ते ज्ञान शिलालेखात कोरले गेले नाही आणि गॅझेटिअरकर्त्यांनीही ते फारसे टिपले नाही. आशेळे, माणेरे, वडोल, कानसई अशा गावांच्या नावांत आणि तेथल्या वृद्धांच्या बोलण्यात त्याचे काही अवशेष उरले असतील तेवढेच.

१८५४ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कल्याणला पोहोचली आणि पाण्याकडे पाहण्याची एक नवी दृष्टी तिच्याबरोबर आली. वाफेच्या इंजिनाला कोळशाइतकीच पाण्याची गरज असते. काकोळे येथे रेल्वेने बांधलेला तलाव आजही ‘जी. आय. पी. टँक’ याच नावाने ओळखला जातो. उगमाकडचे पाणी एका दूरच्या कंपनीच्या कामासाठी अडवता येते आणि त्याबद्दल खालच्या गावांना विचारण्याचे कारण नसते, ही कल्पना या तलावाबरोबर येथे रुजली. पुढच्या शतकात तीच कल्पना उलट दिशेने वापरली गेली: वरून पाणी घेता येते, तसेच वरून काहीही सोडताही येते.

१९२० च्या दशकात स्वीडिश भांडवलावर उभा राहिलेला विम्कोचा आगपेट्यांचा कारखाना अंबरनाथला आला. स्वातंत्र्यानंतर संरक्षण खात्याचा कारखाना आला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यावर औद्योगिक क्षेत्र आखले गेले आणि रासायनिक कारखान्यांची रांग लागली. या कारखान्यांनी कोकणातून, घाटावरून, उत्तरेतून आलेल्या हजारो कुटुंबांना भाकरी दिली, हे विसरून चालणार नाही. प्रदूषणावर लिहिताना कामगाराला विसरणे हा आपल्या मध्यमवर्गीय निसर्गलेखनाचा जुना दोष आहे. परंतु ज्या कामगाराला कारखान्याने पगार दिला, त्याच्याच चाळीमागून कारखान्याचे सांडपाणी वाहू लागले, हेही तितकेच खरे.

दरम्यान मधल्या टप्प्यावर एक फार मोठे मानवी स्थित्यंतर घडले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्करी छावण्या उभारल्या गेल्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना याच छावण्यांच्या बराकींत ठेवण्यात आले. तरटांचे पडदे लावून एकेका बराकीत अनेक कुटुंबांनी संसार मांडले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची पायाभरणी झाली आणि तिला ‘उल्हासनगर’ हे नाव मिळाले. हे नाव शेजारच्या मोठ्या उल्हास नदीवरून आलेले आहे. वसाहतीच्या मधून वाहत होती ती वालधुनी. नव्या नगराला नाव देताना जवळची लहान नदी मागे राहिली.

येथे एक भाषिक योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र. कोळीगीतांतला दर्या तो हाच. सिंधीत मात्र ‘दर्या’ म्हणजे नदी, आणि सिंधी माणसाच्या मनात ती नदी म्हणजे सिंधू. झुलेलाल हे या समाजाचे जलदैवत; त्याला वरुणाचा अवतार मानतात, आणि चेटीचंडच्या सणाला ज्योत व बहराणा मिरवत नेऊन पाण्यात विसर्जित करतात. पाणी हेच ज्यांचे दैवत असे लोक आपली महानदी कायमची गमावून एका ओढ्याएवढ्या प्रवाहाच्या काठी येऊन पडले. मोहन कल्पना यांच्यासारखे, पुढे १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणारे सिंधी कथा-कादंबरीकार याच उल्हासनगरचे. कल्याण-डोंबिवलीच्या महाविद्यालयांत मराठी साहित्य शिकवणारे आणि शिकणारे आपण, दोन-तीन स्थानकांपलीकडे फाळणीचे एवढे साहित्य लिहिले गेले, याची कितपत दखल घेतली, हे स्वतःला विचारावे. एका प्रवाहाच्या दोन काठांवरील साहित्ये एकमेकांना जवळजवळ अनोळखी राहिली.

निर्वासितांनी कोणाच्या दयेवर न राहता उद्योग उभारले. कापड, फर्निचर, मिठाई यांच्याबरोबर पुढे जीन्सचा धंदा वाढला. जीन्स शिवून भागत नाही. ती धुवावी लागते, तिचा रंग उतरवावा लागतो. या धुलाई-केंद्रांतील निळे-काळे पाणी प्रवाहात येऊ लागले आणि वालधुनीचा रंग त्या दिवशीच्या कामावर ठरू लागला. तेथे हाताने काम करणारे बहुतेक मजूर उत्तर भारतातून आलेले होते. न्यायालयीन आदेशांनंतर यांतील बरीच केंद्रे बंद झाली किंवा अन्यत्र गेली. धुनीच्या काठी शेवटी धुणी आली, असा शब्दखेळ कोणाला सुचेल; पण त्या पाण्यात दिवसभर हात बुडवून बसणाऱ्याला त्यात गंमत वाटली नसती.

नदीचा नाला झाला तो येथे. नदी म्हटले की तिचे काही देणे लागते. नाला म्हटले की तो सांडपाण्यासाठीच असतो असे गृहीत धरता येते. काठ बुजवून घरे बांधता येतात, पात्र अरुंद करता येते, घरांची पाठ तिकडे करता येते. विशेष म्हणजे कायदा हा भेद मानत नाही. १९७४ च्या जलप्रदूषणविषयक केंद्रीय कायद्यात प्रवाहाची जी व्याख्या आहे, तीत नदीबरोबरच कोणताही जलमार्ग येतो, मग तो वाहता असो वा तात्पुरता कोरडा. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने वालधुनीला नाला म्हटल्याने तिचा हक्क कमी होत नाही. तो कमी झाला आहे आपल्या भाषेत, आणि भाषेतून व्यवहारात.

प्रशासनाची विभागणीही याला पोषक ठरली. उगमाकडे एक नगरपरिषद, मध्ये एक महापालिका, मुखाशी दुसरी महापालिका. १९८३ मध्ये कल्याण महापालिका झाली तेव्हा अंबरनाथ तिच्यात होते. १९९२ मध्ये ते वेगळे झाले. त्या नऊ वर्षांत उगम आणि मुख एकाच संस्थेच्या हाती होते, तरी प्रवाहाचा एकत्र विचार झाल्याचे पुढच्या स्थितीवरून दिसत नाही.

याचा हिशेब पाण्याने अधूनमधून मांडला. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत वालधुनीने बुजवलेले काठ परत मागितले आणि कल्याण-उल्हासनगरच्या सखल वस्त्या पाण्याखाली गेल्या. २०१४ च्या नोव्हेंबरअखेर उल्हासनगरात पात्रात ओतलेल्या रसायनाच्या वायूने शेकडो रहिवासी आजारी पडले. उल्हास आणि वालधुनी यांच्या प्रदूषणाविरुद्ध ‘वनशक्ती’ या संस्थेने २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. २०१५ मध्ये लवादाने संबंधित संस्थांना जबाबदार धरून दंड ठोठावला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पूर आणि वायू यांनी जात, भाषा, प्रांत पाहिला नाही. मात्र काठाला सर्वांत जवळ कोण राहत होते, हे त्यांनी अचूक दाखवले. आगरी गावकरी, सिंधी दुकानदार, दलित वस्त्या, उत्तर भारतीय मजूर यांच्यात समान असे जे थोडे आहे, त्यात हे पाणी येते.

शिलालेख राजासाठी कोरला गेला, गॅझेटिअर राज्यकारभारासाठी लिहिले गेले, लवादाचा निकाल वादीप्रतिवादींसाठी दिला गेला. या तिन्हींत वालधुनीचे काही ना काही सापडते, पण तिच्या काठी राहणाऱ्यांचा आवाज एकातही पुरेसा ऐकू येत नाही. ही उणीव भरून काढण्याचे काम मोठ्या विद्यापीठाची वाट पाहत बसण्याजोगे नाही. अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण येथील महाविद्यालयांतील मराठी, सिंधी आणि हिंदीच्या विद्यार्थ्यांनी एकत्र बसून काठावरील वृद्धांकडून जुन्या पाणवठ्यांची, माशांची, कोंडींची आणि वाटांची नावे उतरवून घेतली, तरी मोठे साधन तयार होईल. एका आकड्याच्या वाचनासाठी एकोणिसाव्या शतकातील विद्वानांनी जेवढी आस्था दाखवली, तेवढी या नावांसाठी दाखवायला हरकत नसावी. बराकींचे पहिले दिवस किंवा कारखान्यांपूर्वीचे पाणी ज्यांनी पाहिले, ती माणसे आता फार उरलेली नाहीत, आणि ती गेल्यावर हे शब्द शोधायला कोणताही शिलालेख मिळणार नाही.