वेगळे ताट : क्षयरोगाच्या भीतीचा इतिहास

मोसम नदीच्या काठी वसलेले मालेगाव हे नाशिक जिल्ह्यातील विणकरांचे शहर. अठराव्या शतकात नारोशंकर राजेबहाद्दर यांनी येथे भुईकोट किल्ला बांधला. १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातील मोमीन विणकरांची अनेक कुटुंबे मुंबई-आग्रा रस्त्याने येऊन येथे स्थिरावली आणि गावात हातमाग वाजू लागले. पुढे वीज आली, तिच्यामागोमाग यंत्रमाग आले. २००१ साली येथे महानगरपालिका स्थापन झाली, आणि २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती पावणेपाच लाखांच्या घरात भरली. बारा तासांची पाळी, खेटून मांडलेले माग, हवेत तरंगणारे सुताचे तंतू आणि कामावरून सुटल्यावर एका खोलीत सहा-आठ माणसांचा संसार, असे येथील असंख्य कामगारांचे जीवन आहे.

अशा ठिकाणी खोकल्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. मागावर काम करणारा खोकणारच, असे सारे धरून चालतात. मात्र तो खोकला क्षयाचा आहे असे एकदा उघड झाले की त्याच घराचे वागणे एका रात्रीत पालटते. ताट वेगळे होते, पेला वेगळा होतो, अंथरूण दाराशी जाते. मुलांना जवळ जाऊ दिले जात नाही. मुलीचे लग्न ठरायचे असेल तर रोगाचे नावही घेतले जात नाही. हे केवळ मालेगावातच घडते असे नाही. महाराष्ट्रातल्या सर्व धर्मांच्या आणि जातींच्या घरांनी हे वेगळे ताट पाहिले आहे. ते आले कोठून, आणि आजच्या ज्ञानाच्या कसोटीवर ते टिकते काय, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

शाप, वारसा आणि जंतू

आपल्या पूर्वजांनी या रोगाला राजयक्ष्मा म्हटले. दक्षाच्या सत्तावीस कन्यांशी विवाह करून एकट्या रोहिणीवरच प्रेम करणाऱ्या चंद्राला सासऱ्याने शाप दिला आणि तो क्षीण होत गेला, अशी पुराणकथा आहे. चरकसंहितेत या रोगाच्या चिकित्सेचे स्वतंत्र प्रकरण आहे. युरोपातही एकाच घरातली माणसे एकामागून एक खंगत गेलेली पाहून हा रोग रक्तातून, वंशातून येतो, अशी समजूत शतकानुशतके रूढ होती. शाप असो वा वारसा, दोन्हींचा निष्कर्ष एकच निघत असे : या घराण्यात काही दोष आहे.

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले आणि या समजुतीला तडा गेला. एका घरात अनेकांना रोग होतो तो एकाच खोलीतील हवा सर्वजण घेतात म्हणून, हे हळूहळू कळू लागले. परंतु जंतू सापडला तरी औषध सापडले नव्हते. ते मिळण्यास आणखी साठ वर्षे लागली, आणि त्या साठ वर्षांत भीती उलट वाढली. पूर्वी रोग्याची कीव येत असे. आता त्याच्या श्वासाचेही भय वाटू लागले.

त्या काळी विद्या किंवा पुण्याई कोणालाच वाचवू शकत नव्हती. अमेरिकेत जाऊन १८८६ साली वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या आनंदीबाई जोशी क्षयग्रस्त होऊनच मायदेशी परतल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाची जबाबदारी त्यांच्याकडे यायची होती. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांना बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. आपल्या घराघरांत जिची तसबीर दिसते ती लिझ्यूची संत तेरेजा १८९६ सालच्या गुड फ्रायडेच्या रात्री प्रथम रक्त ओकली आणि पुढल्या वर्षी ३० सप्टेंबरला चोविसाव्या वर्षी गेली. लूर्ड्सची बर्नदेत हिचाही अंत १८७९ साली याच रोगाने झाला. हा रोग पापाचे फळ आहे असे अजूनही कोणी म्हणत असेल, तर त्याने या दोन नावांचे स्मरण करावे.

डोंगरावरची आरोग्यधामे

औषध नव्हते तेव्हा वैद्यकाजवळ हवा, विश्रांती आणि अन्न एवढेच होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मन वैद्य हेर्मान ब्रेमर यांनी डोंगराळ भागात क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढले आणि ती पद्धत जगभर पसरली. भारतात पहिला पुढाकार ख्रिस्ती मिशनऱ्यांनी घेतला. १९०६ साली अजमेरजवळ तिलोनिया येथे त्यांनी आरोग्यधाम सुरू केले. महाराष्ट्रात डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये पाचगणीला बेल-एअर उभारले. मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांच्या वैद्यकीय कार्यातून वानलेसवाडीचे क्षयरोग आरोग्यधाम उभे राहिले. मुंबईत शिवडीचे क्षयरोग रुग्णालय हजारोंचे आश्रयस्थान ठरले.

या संस्थांचे ऋण मोठे आहे. घराने टाकलेल्या माणसाला त्यांनी खाट दिली, दूध दिले, कोणीतरी नावाने हाक मारणारे दिले. पण त्यांच्यामुळे एक समजूतही लोकांच्या मनात पक्की झाली : क्षयरोग्याची जागा घराबाहेर, दूर डोंगरावर आहे. ज्याला पाचगणी परवडत नव्हती त्याने घरातल्या घरात छोटे आरोग्यधाम केले. दाराजवळची खाट आणि वेगळे ताट हे त्याचेच गरिबाघरचे रूप होय.

मद्रासचा निर्णय

१९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडले. त्यानंतर पास आणि १९५२ मध्ये आयसोनियाझिड ही औषधे आली. आता क्षयरोग बरा होऊ शकत होता. परंतु १९५५ ते १९५८ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय पाहणीत असे आढळले की शहरांत जितका, जवळजवळ तितकाच हा रोग खेड्यांतही पसरलेला आहे. एवढ्या रोग्यांना पुरतील इतक्या खाटा कोणते सरकार उभारणार?

या प्रश्नाचे उत्तर मद्रासमधून आले. १९५६ साली तेथे स्थापन झालेल्या क्षयरोग औषधोपचार केंद्राने शहरातील १९३ रोग्यांचे दोन गट केले. एका गटाला वर्षभर आरोग्यधामात ठेवले; तेथे पौष्टिक आहार, विश्रांती आणि परिचारिका होत्या. दुसऱ्या गटाने दाटीच्या वस्तीतल्या आपल्याच घरी राहून, अपुरे अन्न खात तीच औषधे घेतली. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि दोन्ही गटांतील गुण जवळजवळ सारखाच निघाला.

याहून मोठी गोष्ट पुढेच होती. घरी राहिलेल्या रोग्यांच्या बायकामुलांवर पाच वर्षे लक्ष ठेवण्यात आले. आरोग्यधामात गेलेल्यांच्या कुटुंबीयांपेक्षा त्यांच्यात अधिक क्षय आढळला नाही. कुटुंबाला जी लागण व्हायची ती बहुतेक निदानापूर्वीच, औषध सुरू होण्याआधी, होऊन गेलेली होती.

हा शोध साऱ्या जगाने स्वीकारला, आरोग्यधामे एकामागून एक ओस पडली, आणि १९६२ साली भारताने घरी राहून उपचार घेण्यावर आधारलेला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. मात्र मद्रासचा हा निकाल आपल्या स्वयंपाकघरापर्यंत अजून पोहोचलेला नाही. आपण ताट वेगळे करतो ते निदान झाल्यावर, म्हणजे धोका ओसरू लागल्यावर. धोका खरा असतो तेव्हा, त्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत, आपण खोकणाऱ्याला साधे "थुंकी तपासून घे" असेही म्हणत नाही.

दोष केवळ घरांचा नाही. १९६३ साली देबबर बॅनर्जी व स्टिग अँडरसन यांनी कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यात केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. क्षयाची लक्षणे असलेल्यांपैकी निम्मे लोक आपण होऊन सरकारी दवाखान्यात गेले होते आणि खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन परतले होते. अडाणी माणूस दवाखान्यात येतच नाही, हा सुशिक्षितांचा आवडता समज त्या अभ्यासाने खोटा ठरवला. तो आला होता; त्याला ओळखले गेले नाही.

रोग्याच्या मनातील प्रश्न

मालेगावच्या मागावाल्याला पहिला प्रश्न पडतो तो सुताच्या धुळीचा. सुताचे तंतू छातीत जाऊन खोकला व दम लागतो, हे खरे आहे. पण तो आजार निराळा. क्षय जंतूशिवाय होत नाही. एक जण खोकत असलेल्या कोंदट शेडमध्ये इतरांनी बारा तास तीच हवा घेणे, हे लागणीचे कारण होय. धुळीचा अपाय दुहेरी आहे : ती छाती बिघडवते आणि क्षयाच्या खोकल्याला सबब पुरवते. म्हणून खोकला दोन आठवड्यांपेक्षा अधिक टिकला, संध्याकाळी ताप येऊ लागला, वजन घटले की थुंकीची तपासणी करावी. सरकारी केंद्रांत ती विनामूल्य होते.

दुसरा प्रश्न ताटाचा. क्षय ताटापेल्यातून, कपड्यांतून, हस्तांदोलनातून पसरत नाही. तो फुप्फुसाचा क्षय असलेल्याच्या खोकल्या-शिंकेतून हवेतून पसरतो. गाठींचा किंवा मणक्याचा क्षय सहसा दुसऱ्याला लागत नाही. योग्य औषध लागू पडले की साधारण दोन आठवड्यांत लागणीचा धोका पुष्कळ कमी होतो. तोवर तोंडावर रुमाल धरावा, खिडकी उघडी ठेवावी, थुंकी झाकणाच्या डब्यात टाकावी, लहान मुलांना जवळ झोपवू नये. एवढे पुरे.

तिसरा प्रश्न, "जंतू अंगात आहे म्हणजे रोग झालाच काय?" तसे नव्हे. जंतू शिरलेल्यांपैकी शंभरात पाच-दहाच पुढे आयुष्यात केव्हातरी आजारी पडतात. बाकीच्यांचे शरीर त्याला दाबून ठेवते. कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही, तंबाखू आणि दारू यांनी ही राखण ढिली पडते. घरातल्या निरोगी माणसांनाही आता तपासणीनंतर प्रतिबंधक औषध देतात. ते नाकारू नये. बाळाला टोचली जाणारी बीसीजी लस मेंदूच्या क्षयापासून व सर्वांगात पसरणाऱ्या क्षयापासून रक्षण करते. पण मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयाला ती रोखत नाही, हे तमिळनाडूतील चेंगलपट्टू येथील मोठ्या चाचणीने १९७९ साली दाखवून दिले. "मला लहानपणी टोचले आहे" ही ढाल पुरेशी नाही.

चौथी भीती गोळ्यांची. रिफाम्पिसिन घेतल्यावर लघवी लालसर-नारिंगी होते. ते रक्त असावे असे वाटून कोणी गोळ्या टाकून देतो. तो औषधाचा रंग असतो, त्याने अपाय नाही. मात्र डोळे पिवळे झाले, सतत उलट्या होऊ लागल्या किंवा दिसणे अंधुक झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. क्षयरोगी मातेने बाळाला पाजावे काय? पाजावे, दुधातून हा रोग जात नाही. औषध चालू ठेवावे आणि तोंडावर पदर असावा. गाईम्हशीचे दूध मात्र उकळूनच प्यावे.

शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड : "बरे वाटते, मग आणखी गोळ्या कशाला?" साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा आहे. दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, आणि पाळी बुडवून दवाखान्यात जाणे रोजंदारीच्या माणसाला चैन वाटू लागते. तेथेच घात होतो. अर्ध्यावर सोडलेल्या उपचारातून वाचलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात. जानेवारी २०१२ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील अशा रोग्यांची बातमी जगभर गेली. त्याच वर्षी सरकारने प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद बंधनकारक केली. अशा रोग्यांसाठीही आता तोंडाने घ्यायची, सहा महिन्यांची नवी उपचारपद्धती आली आहे. पण तिची वेळ न येऊ देणे हेच शहाणपण.

अन्न आणि शेजार

जगातील दर चार क्षयरुग्णांपैकी सुमारे एक आजही भारतात आहे. औषध हाती असता असे का व्हावे? झारखंडमधील एका मोठ्या अभ्यासाने २०२३ साली याचे एक उत्तर दिले. रोग्यांच्या घरातील सर्वांना पुरेसा शिधा दिला, तेव्हा त्या घरांत नव्याने होणारा क्षय सुमारे ३९ टक्क्यांनी घटला. जुन्या आरोग्यधामांनी दुधाचा पेला पुढे केला, त्यात तथ्य होते. फक्त तो पेला घरी पोहोचायला हवा होता. सरकार २०१८ पासून रोग्याला आहारासाठी दरमहा ५०० रुपये देऊ लागले, आणि नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १००० रुपये झाली आहे. पण एवढ्यात सहा जणांचे घर चालत नाही. धर्मग्रामातील कुटुंबांना येथे करण्यासारखे पुष्कळ आहे : डाळ-तांदळाची पिशवी, अंडी, दवाखान्यात जाण्याच्या दिवशी सोबत, आणि सहाव्या महिन्यापर्यंत न कंटाळता केलेली विचारपूस.

शंभराहून अधिक वर्षे समाजाने क्षयरोग्याला दूर ठेवून स्वतःला सुरक्षित मानले. ज्याला आपण भितो तो नेमाने गोळ्या घेणारा रोगी आपल्या पंक्तीत बसू शकतो. धोका आहे तो अजून न तपासलेल्या खोकल्याचा, आणि तो तपासायला माणूस धजत नाही तो त्या वेगळ्या ताटाच्या धास्तीने. रोग लपवला जातो, लपला म्हणून पसरतो, पसरला म्हणून भय वाढते. हे चक्र मोडायला नवे यंत्र किंवा नवे औषध लागत नाही. ज्या घरात क्षयाचे निदान झाले आहे, त्या घराने आज रात्री सर्वांची ताटे एकत्र मांडावीत.