समुद्रावर मुक्काम, तळाशी नोंदी

भूगोलाच्या पुस्तकात कंकणद्वीपाची आकृती असते. मध्ये उथळ खारकच्छ, त्याभोवती प्रवाळांचे कडे आणि बाहेर खोल समुद्र. विद्यार्थी आकृती काढतात, भागांना नावे देतात आणि धडा पुढे जातो. पण एखादा विद्यार्थी विचारतो, "पाण्याखालचं हे सगळं कुणी पाहिलं?" प्रश्न साधा आहे. त्याचे उत्तर मिळायला मात्र सव्वाशे वर्षे लागली. तो इतिहास आपण थोडक्यात पाहू.

१८३६ च्या एप्रिलमध्ये 'बीगल' हे जहाज हिंदी महासागरातील कोकोस (कीलिंग) बेटांना लागले. जहाजावरचा निसर्गअभ्यासक चार्ल्स डार्विन तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. कप्तान फिट्झरॉय याने बेटाबाहेरच्या समुद्राची खोली मोजली. साधन एकच, दोरीच्या टोकाला बांधलेले शिसाचे वजन. खोली मोजायची ती वावांनी. दोन्ही हात आडवे पसरल्यावर होणारे अंतर म्हणजे एक वाव, सुमारे सहा फूट. शिसाच्या बुडाशी खळगा असे आणि त्यात चरबी भरलेली असे. दहा वावांपर्यंत चरबीवर जिवंत प्रवाळांचे ठसे उमटून येत आणि वाळूचा कणही चिकटलेला नसे. खोली वाढत गेली तसे ठसे कमी झाले, वाळू वाढली आणि शेवटी नुसतीच वाळू येऊ लागली. किनाऱ्यापासून अवघ्या २२०० यार्डांवर तर ७२०० फूट दोरी सोडूनही तळ लागला नाही.

प्रवाळ फक्त उथळ पाण्यात वाढतात, मग त्यांची भिंत एवढ्या खोलातून वर कशी आली? डार्विनचे उत्तर असे होते की खालचा ज्वालामुखी डोंगर सावकाश खचत गेला आणि प्रवाळ त्याच गतीने वर वाढत राहिले. हे मत त्याने १८४२ मध्ये पुस्तकरूपाने मांडले. १९५२ मध्ये पॅसिफिकमधील एनिवेटॉक या कंकणद्वीपावर छिद्रे पाडली, तेव्हा बाराशे मीटरपेक्षा जास्त जाडीच्या चुनखडीखाली ज्वालामुखीचा खडक लागला. डार्विनचा अंदाज खरा ठरला.

अशा रीतीने चरबीवरच्या ठशांवरून इमारतीचा पाया कळला. इमारतीत राहते कोण आणि त्यांचे आपसात नाते काय, हे मात्र दोरी सांगू शकत नव्हती. १८९९-१९०० मध्ये स्टॅन्ली गार्डिनर याने मालदीव व लक्षद्वीप बेटांचा अभ्यास केला. १९०१-०२ मध्ये अलेक्झांडर अगासी आगबोटीने मालदीवमध्ये हिंडला. या पिढीने नकाशे केले, खोल्या मोजल्या, जाळी ओढून प्राणी वर काढले आणि बरण्या भरल्या. पण जाळ्यात येणारा प्राणी जागेवरून उपटलेला असतो. आठवड्याचा बाजार उठल्यावर मागे पडलेला पाला पाहून बाजाराचे वर्णन करावे, तशातला हा प्रकार होता.

मुक्काम करण्याचे महत्त्व पहिल्यांदा नीट दिसले ते ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर. १९२८-२९ मध्ये सी. एम. याँग यांच्या नेतृत्वाखाली एक तुकडी 'लो आइल्स' या लहानशा बेटांवर सुमारे वर्षभर राहिली. प्रवाळ काय खातात, कसे वाढतात याचे प्रयोग तिने जागेवरच केले. पाण्यात उतरण्यासाठी एक शिरस्त्राण होते. त्यात वरून पंपाने हवा सोडत. पाणबुड्या नळीला बांधलेला असल्याने नळी पोचेल तेवढेच जग त्याला दिसे.

ही नळी सुटली १९४३ मध्ये. फ्रान्समध्ये झाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी एक झडप तयार केली. पाठीवरच्या टाकीत हवा प्रचंड दाबाखाली असते. पाणबुड्याने श्वास घेतला की ही झडप भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा तोंडाशी देते. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो, म्हणजे वीस मीटरवर तो पृष्ठभागाच्या तिप्पट होतो. बाहेरचा व छातीतला दाब सारखा राहिला तरच फुप्फुसे फुगू शकतात. ते काम ही झडप करते.

इथेच दुसरी अडचण येते. दाबाखालच्या हवेतील नायट्रोजन रक्तात व ऊतींत विरघळतो. माणूस घाईने वर आला तर सोड्याच्या बाटलीचे बूच काढल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात. त्याने सांधे दुखतात, अर्धांग होऊ शकते, जीवही जातो. यावरची पहिली शास्त्रीय कोष्टके जे. एस. हाल्डेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०८ मध्ये प्रसिद्ध केली. थोडा वेळ खाली राहायचे, सावकाश वर यायचे, काही तास थांबून पुन्हा उतरायचे, हा त्यांचा सारांश. दिवसात अशा तीन-चार लहान बुड्या मारायच्या असतील आणि प्रवाळ तर बंदरापासून दूर असतील, तर उपाय एकच. झोपायचे, जेवायचे आणि टाक्या भरायचे ठिकाण प्रवाळांच्या डोक्यावरच असले पाहिजे. जहाजावर राहून बुड्या मारण्याची पद्धत या गरजेतून आली.

कूस्तोचे 'कॅलिप्सो' हे असे एक जहाज. जुन्या सुरुंगशोधक नौकेत फेरफार करून ते तयार केले होते. १९५१ मध्ये ते तांबड्या समुद्रातील प्रवाळांकडे निघाले. या पर्वाची काळी बाजूही सांगितली पाहिजे. कूस्तोच्या १९५६ च्या गाजलेल्या चित्रपटात प्रवाळांत सुरुंग उडवून मेलेले मासे मोजण्याचे दृश्य आहे. मोजणीसाठी मोजायची वस्तूच नष्ट करावी, याचे तेव्हा फारसे कुणाला वावगे वाटले नाही.

दुसरे जहाज 'झारीफा'. १९२७ मध्ये इंग्लंडात बांधलेले, तीन डोलकाठ्यांचे. त्याचा मालक हान्स हास हा व्हिएन्नाचा प्राणिशास्त्रज्ञ. खर्च बराचसा चित्रपटांच्या उत्पन्नावर चाले. १९५३-५४ मध्ये 'झारीफा' कॅरिबियन समुद्र व गालापागोसकडे गेले आणि १९५७-५८ मध्ये तांबडा समुद्र, मालदीव व आपली निकोबार बेटे या भागात आले. जहाजावर प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक इरेनाउस आयबल-आयबेसफेल्ट आणि प्रवाळांचे अभ्यासक गेओर्ग शेअर होते.

एकाच जागी रोज उतरल्याने काय साधले, याची दोन उदाहरणे पाहू. वाळूत बिळे करून शेकड्यांनी उभे राहणारे, अर्धे अंग बाहेर काढून प्रवाहातले खाद्य टिपणारे वामकुळातील मासे या प्रवासात अभ्यासले गेले. जरा चाहूल लागली की ते बिळात शिरतात, त्यामुळे ओढत्या जाळ्याला ते सहसा सापडत नाहीत. त्यांतल्या एका जातीला पुढे हास यांचेच नाव मिळाले. दुसरे उदाहरण तोतयाचे. प्रवाळांत एक छोटा निळा-काळा मासा मोठ्या माशांच्या अंगावरचे, कल्ल्यांतले परजीवी खाऊन त्यांना स्वच्छ करतो. मोठे मासे त्याच्यापुढे स्तब्ध उभे राहतात. हुबेहूब त्याच्यासारखा दिसणारा, तसाच नाचणारा दुसरा एक मासा जवळ येऊन त्यांच्या परांचा लचका तोडतो. या तोतयाचे वर्णन आयबल-आयबेसफेल्ट यांनी १९५९ मध्ये केले. बरणीत शेजारी ठेवलेले हे दोन मासे आपल्याला फार तर त्यांचे साम्य दाखवतील, लबाडी दाखवणार नाहीत.

आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट मात्र कमी गाजली. निकोबारमध्ये गोळा केलेल्या प्रवाळांची जातवार यादी शेअर आणि भारतीय शास्त्रज्ञ सी. एस. गोपीनाथ पिल्लै यांनी मिळून १९७४ मध्ये प्रसिद्ध केली. प्रवासानंतर सोळा वर्षांनी! ओळखपटवणीचे काम असेच किचकट असते.

त्यानंतर काय झाले ते आपण जाणतो. १९९८ मध्ये समुद्र तापला आणि मालदीव व लक्षद्वीपच्या उथळ पाण्यातील बहुतांश प्रवाळ पांढरे पडून मेले. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात निकोबार बेटे खचली, ग्रेट निकोबारचे दक्षिण टोक चार मीटरहून अधिक खाली गेले. २०१६ मध्ये पुन्हा विरंजन झाले आणि २०२४ मध्ये जगभरच्या चौथ्या विरंजनाची घोषणा झाली. अशा वेळी 'काय गेले' हे ठरवायचे तर 'काय होते' याची नोंद हाताशी लागते. निकोबारपुरती ती त्या १९७४ च्या यादीत आहे. गंमत म्हणून निघालेले हौशी पाणबुडेही हे काम करू शकतात. १९९७ पासून अनेक देशांत शंभर मीटरची फीत तळावर पसरून स्वयंसेवक मासे व प्रवाळ मोजतात, आणि तेही सुरुंगावाचून.

वर्गात याचा एक प्रयोग करता येईल. मोठ्या पिंपात तळाला एका बाजूस खडबडीत दगड व दुसऱ्या बाजूस वाळू ठेवा, पाणी भरा आणि त्यात माती कालवून ते गढूळ करा. दोरीला वजन बांधून त्याच्या बुडाला सायकलच्या दुकानातले ग्रीस थापा. मुलांनी निरनिराळ्या ठिकाणी ते टेकवून तळाचा नकाशा काढावा. मग पाणी निवळू द्या व नकाशा ताडून पाहा. कोणती गोष्ट दोरीने बरोबर सांगितली आणि कोणती सांगता आली नाही, यावर मुलांना बोलू द्या. शेवटी दोन्ही नकाशे तारीख घालून जपून ठेवायला सांगा.