हायब्रिड भाताचं बियाणं दरवर्षी विकत का घ्यावं लागतं?

आजचा विषय आहे भाताचं बी. आपल्याकडे पूर्वापार पद्धत अशी की चांगल्या लोंब्या बाजूला काढायच्या, वाळवून नीट ठेवायच्या आणि पुढच्या मृगात तेच बी पेरायचं. पण हायब्रिड म्हणजे संकरित भात लावला की हे बंद होतं आणि बियाण्याची पिशवी दर हंगामात विकत आणावी लागते. बरेच जण म्हणतात, ही कंपन्यांची चाल आहे. धंदा त्यात आहेच, पण मूळ कारण झाडाच्या पोटात आहे.

आधी भाताचं फूल समजून घेऊ. एका इवल्याशा फुलात सहा पुंकेसर आणि मधोमध स्त्रीकेसर, म्हणजे नर आणि मादी एकाच घरात. फूल सकाळी थोडा वेळ उघडतं आणि बहुतेक वेळा त्याचे परागकण त्याच्यावरच पडतात. त्यामुळे साध्या वाणाचं बी पेरलं की तोच वाण येतो.

आता दोन वेगळ्या वाणांचा संकर केला तर पहिली पिढी जोमदार निघते. पण तो करायचा कसा? एकेका फुलातले सहा पुंकेसर चिमट्याने काढत बसलात तर एक वाटी बी मिळायलाही आयुष्य जाईल. त्यासाठी असं झाड हवं, ज्याचे परागकण मुळातच निकामी आहेत. म्हणजे नरवंध्य झाड.

चीनच्या हुनान प्रांतात युआन लाँगपिंग नावाचे एका शेती शाळेतले शिक्षक १९६४ पासून हेच झाड शोधत होते. भर उन्हात हजारो लोंब्या तपासून त्यांना मोजकी झाडं सापडली आणि १९६६ मध्ये त्यांनी त्यावर निबंध छापला. पण तेवढ्यात सांस्कृतिक क्रांतीचा गोंधळ सुरू झाला. १९६८ मध्ये त्यांच्या प्रयोगाची रोपं कुणीतरी रात्रीत उपटून टाकली. वाचलेल्या चार-दोन रोपांवर काम पुढे चालू राहिलं. तरी पिढ्यान्‌पिढ्या वंध्यत्व टिकवणारं झाड काही हाती लागेना.

मग १९७० च्या नोव्हेंबरमध्ये हैनान बेटावर त्यांचे सहायक ली बिहू आणि तिथल्या एका फार्मवरचे फेंग केशान जंगली भात शोधायला निघाले. एका दलदलीत त्यांना जंगली भाताचं एक झाड दिसलं, ज्याचे परागकण सुकलेले होते. युआन त्या दिवशी तिथे नव्हतेही! पण त्या एका झाडाने सगळं बदललं. १९७३ पर्यंत संकराची पूर्ण पद्धत बसली आणि १९७६ पासून चीनमध्ये मोठ्या प्रमाणावर हायब्रिड भात लागला. उत्पन्नात साधारण वीस टक्क्यांची वाढ!

या वंध्यत्वाचं मूळ पेशीद्रव्यात असतं आणि ते आईकडून येतं. म्हणून त्या झाडाचा वारसा आजही जगभर फिरतोय. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या कर्जतच्या संशोधन केंद्राने १९९८ मध्ये 'सह्याद्री' हा हायब्रिड भात दिला. त्याच्या आईकडच्या बाजूला तेच हैनानचं पेशीद्रव्य आहे. म्हणजे बघा, कुठलं बेट आणि कुठलं कर्जत!

पण मग हायब्रिडचं बी घरी का ठेवता येत नाही? पत्त्यांचा कॅट डोळ्यांसमोर आणा. हायब्रिड झाडात आई-बापांची पानं एका नेमक्या जुळणीत असतात. ते झाड स्वतःचं बी बनवताना ती पानं पुन्हा पिसतं. त्यामुळे पुढच्या पिढीत कुणी उंच, कुणी बुटकं, कुणी आधी पिकतं, कुणी नंतर. शेत एकसारखं राहत नाही आणि जोमही उतरतो. वाटाण्यावर प्रयोग करून मेंडेलने १८६५ मध्ये हेच दाखवलं होतं.

गंमत म्हणजे याच मेंडेलने पुढे हॉकवीड नावाचं रानफूल घेतलं आणि तिथे त्याचे नियम चालेनात. संकरित झाडाची पिल्लं पिढ्यान्‌पिढ्या हुबेहूब आईसारखीच! कारण त्या झाडात पत्ते पिसलेच जात नाहीत. मीलनाशिवाय आईची नक्कल असलेलं बी तयार होतं. याला अपोमिक्सिस म्हणतात. मेंडेलच्या हयातीत हे कुणाला उलगडलं नाही.

याच्या जवळचा प्रकार आपल्याकडेही दिसतो. संत्र्याच्या कलमांसाठी जे जंबेरीचं बी लावतात, त्यातल्या एकेका बीतून आईसारखीच अनेक रोपं फुटतात. हापूसमध्ये ही सोय नाही. कोय लावली तर हापूसच येईल याची खात्री नसते, म्हणून कलम बांधावं लागतं. पण भाताच्या लाखो रोपांना कलम कोण बांधणार?

म्हणून युआन यांनी १९८७ मध्येच लिहून ठेवलं होतं की शेवटचा टप्पा असेल स्वतःचीच नक्कल करणारं हायब्रिड. त्याला दोन कुलपं उघडायची होती. पहिलं, पत्ते पिसणं थांबवणं. फ्रान्समध्ये राफाएल मर्सिए यांच्या गटाने २००९ मध्ये एका छोट्या रानझाडात तीन जनुकं बंद करून ते जमवलं, आणि २०१६ मध्ये भातातही ते झालं. दुसरं, मीलनाशिवाय गर्भ सुरू करणं. कॅलिफोर्नियात वेंकटेशन सुंदरेशन आणि इम्तियाज खांडे यांच्या गटाने दाखवलं की 'बेबी बूम' नावाचं जनुक अंडपेशीतच चालू केलं, तर बापाशिवाय गर्भ तयार होतो. यातले सुंदरेशन पुणे विद्यापीठाचे भौतिकशास्त्राचे पदवीधर, बरं का!

दोन्ही गोष्टी एकत्र केल्यावर, त्यांच्या २०१९ च्या निबंधात, सुमारे तीस टक्के बी आईची नक्कल निघालं. त्याच वर्षी चीनमध्ये वांग केजियान यांच्या गटानेही वेगळ्या जनुकाने हे केलं, पण त्यात दाणे कमी भरले. २०२२ मध्ये एका खऱ्या हायब्रिड भातात हे प्रमाण पंचाण्णव टक्क्यांच्या वर गेलं.

आता खरा प्रश्न. आपल्या २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला बी ठेवण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा हक्क दिलाय. पण हायब्रिडच्या बाबतीत तो कागदावरच राहतो, कारण ठेवलेलं बी कामाचंच नसतं. हे नवं तंत्र तो हक्क प्रत्यक्षात आणू शकतं. किंवा ते पेटंटच्या कुलपात अडकलं, तर निसर्गाऐवजी वकील शेतकऱ्याला अडवतील. शिवाय सगळीकडे एकाच झाडाच्या नकला उभ्या असतील तर एखादा रोग सगळ्यांनाच झोपवेल, हाही धोका आहेच. मला विचाराल तर हे काम कर्जतसारख्या सरकारी केंद्रांच्या हातात असायला हवं, आणि जुने वाण ठेवणारी घरंही टिकायला हवीत.

तुमच्या घरी किंवा गावाकडे अजून कोणी भाताचं बी राखून ठेवतं का? कुठला वाण? विचारा आणि कमेंटमध्ये नक्की लिहा. भेटू पुढच्या भागात!