पाटाच्या कडेने मुरलेले पाय : नगर जिल्ह्यातील सायकल आणि चढता सराव

रोज सायकलने कामावर जाण्याची ताकद हळूहळू अंगात मुरवावी लागते, आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात विसाव्या शतकात ती व्यायामशाळेत नव्हे, तर शाळेच्या, दुधाच्या आणि कारखान्याच्या वाटेवर मुरत गेली. जिल्ह्याच्या पश्चिमेस अकोल्याचा सह्याद्री आणि पाथर्डीच्या वाटेवर करंजी घाट असला, तरी उत्तरेकडील गोदावरी-प्रवरेचे खोरे बरेचसे सपाट आहे. 1926 मध्ये भंडारदरा धरण पूर्ण झाले, प्रवरेच्या कालव्यांनी, म्हणजे लोकभाषेतल्या पाटांनी, या खोऱ्यात उसाची शेती वाढवली, आणि 1950 च्या सुमारास लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेव्हा गाव, शेत आणि कारखाना यांमधली काही किलोमीटरची अंतरे रोज कापणे अनेकांच्या वाट्याला आले. पाटाच्या कडेची वाट पाण्याच्या मंद उतारानेच जात असल्यामुळे नव्या सायकलस्वाराला ती सोयीची होती.

सराव बहुधा लहानपणीच सुरू होई. सायकलच्या दुकानातून तासाच्या भाड्याने मोठी सायकल आणायची, पाय सीटवरून पायडलपर्यंत पोहोचत नसल्याने मधल्या दांड्याखालून पाय घालून अर्ध्या पायडलने ती चालवायची, पुढे टांग मारून सीटवर बसायला शिकायचे, आणि मग शेजारच्या गावच्या शाळेपर्यंत जायचे, असा हा क्रम होता. त्यानंतर हँडलला दुधाची किटली, कॅरियरवर धान्याचे पोते आणि शेवटी पहाटेच्या पाळीचे लांब अंतर येई. अशा रीतीने आधी तोल, मग अंतर आणि त्यानंतर ओझे वाढत जाई, आणि एका टप्प्याचा थकवा पुढच्या टप्प्याआधी ओसरलेला असे.

या क्रमामागे यंत्राची मर्यादाही होती. जुन्या 28 इंची चाकाच्या सायकलला गिअर नसे. पुढच्या चक्राला 44 आणि मागच्याला 18 दात असल्यास पायडलाच्या एका पूर्ण फेरीत सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते, आणि चढावर हे प्रमाण बदलता येत नाही. म्हणून चढ आला की खाली उतरून सायकल हाती धरून चालणे ही रीत होती. त्यात कमीपणा मानला जात नसे, आणि श्वासाला विसावा मिळे.

शरीरशास्त्रही असा हळूहळू चढत जाणारा क्रमच सांगते. नियमित श्रमाने हृदय व फुप्फुसांची क्षमता काही आठवड्यांत वाढू लागते, मात्र स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा आणि गुडघ्यांचे सांधे सावकाश जुळवून घेतात. त्यामुळे दम वाढला म्हणून अंतर एकदम दुप्पट केले, तर दुखणे आधी गुडघ्यात उमटते.

1972 मध्ये किनेटिक इंजिनिअरिंगची पायडल असलेली लूना मोपेड आली, तिचे उत्पादन नगरमध्ये होऊ लागले, आणि पायांचे काम इंजिनाकडे गेले. त्याबरोबर हा न शिकवता होणारा सरावही ओसरला. आज नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत सायकलने जाऊ पाहणाऱ्याने तो क्रम जाणूनबुजून उभा करावा : पहिल्या आठवड्यांत सपाट, छोटी वाट, एक दिवस आड विश्रांती, मग थोडे अंतर, आणि चढ व ओझे सर्वांत शेवटी. पाटाच्या कडेने पाय मुरलेल्या पिढ्यांनी हाच मार्ग चालून दाखवला आहे.