अकबराचा शिलेखाना आणि बंदुकीवरील लेख

जुन्या बंदुका जमविणें व प्रसंगीं त्या उडवून पाहणें हा छंद पाश्चात्त्यांपासून आपल्याकडे आला, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती आम्हांस मान्य नाहीं. संग्राहक व नेमबाज या दोन्ही पदव्या ज्यास निःशंकपणें देतां येतील असा पुरुष सोळाव्या शतकांत या देशांतच होऊन गेला, आणि तो म्हणजे अकबर बादशहा. त्याच्या या नादाची हकीकत अबुल फझलनें ‘ऐने-अकबरी’त दिली आहे. ब्लॉकमनकृत इंग्रजी भाषांतराचा पहिला खंड १८७३ सालीं निघाला, तेव्हांपासून ती सर्वांस उपलब्ध आहे. परंतु आमच्या संग्राहकांनीं तिचा उपयोग करावा तितका केलेला दिसत नाहीं.

बादशहाच्या कित्येक हजार बंदुकांतून १०५ निवडून ‘खासा’ ठरविल्या होत्या. त्यांपैकीं १२ बारा महिन्यांच्या. एकीची पाळी संपली म्हणजे ती पुन्हां अकरा महिन्यांनीं हातीं यावयाची. ३० आठवड्यांच्या, दर सात दिवसांनीं बदलावयाच्या. ३२ सौर दिवसांच्या, कारण इलाही सनांतील कांहीं महिने ३२ दिवसांचे असत. राहिलेल्या ३१ कोतल. संग्रहांतील प्रत्येक वस्तु वर्षांतून ठराविक वेळां धन्याच्या हातांत आलीच पाहिजे, अशी ही योजना आहे. दप्तरें वर्षानुवर्षें बासनांत बांधून ठेवणाऱ्या आमच्या जहागीरदार मंडळींस ती शिकवावी अशी इच्छा होते, पण तें असो.

या सर्वांत अग्रस्थान ‘संग्राम’ नामक बंदुकीचें. तिची पाळी फर्वर्दीन या पहिल्या महिन्यांत असे. कोणत्या बंदुकीनें किती शिकार झाली हें लिहून ठेवण्याचा प्रघात होता, आणि एकट्या ‘संग्राम’च्या नांवावर १,०१९ जनावरें मांडलेलीं आहेत. चितोडच्या वेढ्यांत तटावरील एका चिलखती वीरावर बादशहानें हिनेंच गोळी झाडली व तो जयमल राठोड ठरला, असें अबुल फझल सांगतो. किल्ला फेब्रुवारी १५६८ मध्यें पडला. राजपुतांची परंपरा मात्र निराळी आहे. तिच्याप्रमाणें जयमल गोळीनें पायास जखमी झाला व शेवटच्या दिवशीं कल्लाच्या खांद्यावर बसून लढतां लढतां पडला. दरबारी इतिहासकारानें धन्याचा नेम अचूक ठरवावा यांत नवल नाहीं; तथापि गोळी लागली, इतकें दोन्ही पक्षांस कबूल असल्यानें तेवढें निश्चित धरण्यास हरकत दिसत नाहीं.

नळी घडविण्याची रीतहि नमूद आहे. पूर्वीं लोखंडाचा पत्रा वळवून कडा जोडीत. नव्या रीतींत तो कागदाच्या सुरळीप्रमाणें तिरकस गुंडाळीत. पूर्वींची नळी पाव भागापेक्षां जास्त दारूनें भरतां येत नसे; नवी तोंडापर्यंत भरली तरी फुटत नसे. उस्ताद कबीर व हुसेन हे या कामांत नामांकित. नळ्या साफ करण्यास बैलघाण्यासारखें एक चाक होतें. तें गाय फिरवी व एका वेळीं सोळा नळ्या निघत. काळ्या दारूची राख हवेंतील ओल ओढून लोखंड खाते, तेव्हां इतक्या बंदुका उडविणाऱ्यास असें यंत्र लागणारच.

परंतु आमच्या दृष्टीनें खरी मौल्यवान माहिती पुढेंच आहे. प्रत्येक बंदुकीवर कच्च्या व घडीव लोखंडाचें वजन, लोखंड कोठचें, कारागिराचें नांव, घडविण्याचें ठिकाण, तारीख व अनुक्रमांक कोरण्याची आज्ञा होती. एवढी माहिती आमच्या किती पोथ्यांच्या शेवटीं सांपडते? नळी हा लोखंडावरील लेखच होय, व त्यास हस्तलिखिताचे सर्व नियम लागू करावे.

आणि नेमका याच ठिकाणीं बार काढण्याचा नाद घातक ठरतो. एका सद्गृहस्थांच्या घरीं तोड्याची एक सुंदर बंदूक आम्हीं प्रथम पाहिली, तेव्हां कानाजवळ फारसी अक्षरांच्या दोन ओळी अंधुक दिसत होत्या. ठसा पुढील खेपेस घेऊं म्हणून आम्ही परतलों, हा अपराध आमचाच. पुन्हां गेलों तों ती उडविण्याजोगी व्हावी म्हणून लोहारानें नळी पॉलिशकागदानें आरशासारखी घासली होती व कान मोठा केला होता. ओळी गेल्या त्या गेल्याच.

कायद्याची बाजूहि ध्यानांत घ्यावी. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमानें जुनाट बंदुकांस सूट आहे, पण दुरुस्त करूनहि जी उडूं शकत नाहीं अशीसच. म्हणजे दुरुस्तीनें लेख जातो व सूटहि जाते. नेमबाजीची हौस ज्यांस आहे त्यांनीं परवाना घेऊन नव्या घडणीच्या ठासणीच्या बंदुकीवर ती भागवावी.

आणखी एक सूचना. जुन्या नळींत शंभर वर्षांपूर्वींचा बार तसाच असूं शकतो, आणि तो पेट घेणार नाहीं असें समजूं नये. कोणीहि नसेल अशा निर्धोक दिशेस तोंड करून लांकडी गज नळींत तळापर्यंत घालावा, तोंडाशीं खूण करावी, व तोच गज बाहेरून नळीवर ठेवून टोंक कानापर्यंत पोंचतें कीं नाहीं तें पाहावें. दोन-तीन बोटें कमी पडलें तर हात न लावतां जाणत्यास बोलवावें.

ज्यांच्या संग्रहीं लेखयुक्त नळ्या असतील त्यांनीं घासण्यापूर्वीं, तेल लावण्यापूर्वींसुद्धां, पातळ कागदावर ठसा घेऊन मंडळाकडे पाठवावा. वजन व लांबी सोबत कळविल्यास ‘ऐने-अकबरी’तील नोंदीशीं ताडून पाहतां येईल.